सात दगडांचा डोह

माझ्या सुनेला, तेजलला, पहिला मुलगा झाला आणि आम्ही त्याचं नाव सम्यक ठेवलं, ते वर्ष २०१६. नामकरणाच्या दिवशी सकाळी शेजारचा दशरथ ओलं गोणपाट हातात घेऊन आमच्या दारात उभा राहिला. गोणपाट आपोआप हलत होतं. भंतेजी यायची वेळ झाली होती, बायका पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या, आणि हा गुडघ्यापर्यंत चिखलात.

"काय आणलंस रे?" मी विचारलं.

"सुनेक वाम आणलंय. बाळंतिणीन खावची. रगात वाढता."

माझी बायको कमल म्हणाली, "भावजी, आज नको हो. आज घरात वंदना आहे. उद्या करते."

"करा उद्या. ती काय आज मरता?" असं म्हणून त्याने ती वाम मोरीतल्या बादलीत सोडली आणि वर पाट ठेवला. पाटावर काही वजन ठेवायला तो विसरला. भंतेजी आले, सगळे हात जोडून खाली बसले, आणि मधेच तेजलच्या मावशीने किंचाळून पाय वर घेतले. हातभर लांब, मनगटाएवढी जाड वाम ओल्या फरशीवरून सरळ दाराकडे चालली होती. कुणी साप म्हणालं, कुणी झाडू आणला. दशरथ पुढे झाला, उदबत्त्यांखालची राख दोन्ही हातांना फासली, आणि मधलं बोट वर व बाजूची दोन बोटं खाली अशा पकडीत तिला धरून उचललं.

"साप नाय गो," तो तेजलला म्हणाला. "तिका नदी खंय हा ता म्हायत असता. दार बरोब्बर सोधल्यान बघ."

भंतेजीसुद्धा हसले. दुसऱ्या दिवशी कमलने तिचं कालवण केलं, तेजलने नाक मुरडत खाल्लं, आणि पुढे वर्षभर आमच्याकडे कुणी आलं की ही गोष्ट निघायची.

आमची चाळ बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून जवळ. मी गोदावरीकाठचा, जालन्याकडून आलेलो. दशरथ कोकणातला, कणकवलीच्या वरच्या अंगाचा. आधी गिरणीत होता, संपानंतर इकडे आला आणि एका सोसायटीत वॉचमन झाला. आमची भिंतीला भिंत. त्याची बायको नलिनी आणि कमल एकाच नळावर भांडून मैत्रिणी झालेल्या.

चाळीमागून दहिसर नदी जाते. खाली तबेले, धोबीघाट, झोपड्या लागल्या की तिचा नाला होतो, पण पार्कातून बाहेर पडते तिथे ती अजून नदी असते. तिथे एक मोठा खडक आहे आणि त्याच्या पोटाशी डोह. खडकाला खाली भेगा, कपारी. त्या कपारींत वामी राहायच्या. हे चाळीत फक्त दशरथला ठाऊक होतं. त्याने मला एकदा नेऊन दाखवलं. पाण्यात पोटावर झोपून त्याने खांद्यापर्यंत हात कपारीत घातला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसाच राहिला.

"हा," तो म्हणाला. "जाडी हा. झोपलीहा."

"मग काढ की."

"कित्याक? आज कोण बाळंत झालाहा?"

त्याचे नियम होते. घरात कुणी आजारी असेल, कुणी बाळंत झालं असेल तरच काढायची. एकच. सगळ्यात जाड असेल ती ठेवायची, कारण ती समुद्रात जाऊन अंडी घालणार. पावसात दोऱ्याएवढी पिल्लं खाडीकडून वर येतात, ओल्या खडकावरून चढतात, असं तो सांगायचा. मला ते खरं वाटत नव्हतं. एवढा घाण नाला ओलांडून कोण येईल? पण एका जुलैत त्याने मला खडकावर नेलं आणि बोटाने दाखवलं. शेवाळावरून काळे दोरे वर सरकत होते. मी खाली बसलो आणि बघत राहिलो.

मासे धरायच्या गोष्टी आम्ही तासन्‌तास करायचो. त्यांच्याकडे बांबूच्या कामट्यांचं लांबट नळकांडं विणतात, त्याला तो खोयन म्हणायचा. तोंड रुंद, आत गेलेला मासा परत फिरू शकत नाही. छत्रीच्या काडीला गळ आणि गांडूळ लावून ती कपारीत सारायची, ही एक तऱ्हा. आमच्याकडे नदी आटली की डबकी उरायची. त्यात हिंगणबेटाची फळं ठेचून टाकायचे. पाण्याला फेस यायचा आणि मासे गुंगून वर यायचे. आमचे लोक म्हणायचे, पाणी झोपवलं. मोठे मासे वेचून घेतले की बांध फोडून नव्या पाण्याला वाट द्यायची. राहिलेले मासे थोड्या वेळाने जागे होऊन निघून जायचे.

"आणि आता?" त्याने एकदा विचारलं.

"आता धरण झालं. नदीत वाळूचे ट्रक उभे असतात."

"आमचीय नदी मेली," तो म्हणाला. "माझ्या भावसान मारल्यान. काशीरामान."

काशीराम त्याचा सख्खा धाकटा भाऊ. दगडाच्या खाणीवर कामाला होता. तिथून जिलेटीनच्या कांड्या आणायचा आणि डोहात टाकायचा. एका धमाक्यात पोतं भरायचं. नंतर दुसरे शिकले, ते शेतावर मारायचं औषध टाकू लागले, कुणी विजेच्या खांबावरून आकडा टाकून तार पाण्यात सोडू लागला. काही वर्षांत नदीत बेडूकही उरला नाही. दशरथने भावाशी बोलणं टाकलं आणि गावाला जाणं सोडलं. नलिनी एकटीच गणपतीला जाऊन यायची.

"हंयची तरी जगांदेत," तो डोहाकडे बघून म्हणायचा. त्याला दुसरं काही नको होतं.

सम्यक चालायला लागला त्या उन्हाळ्यात दुपारी तिघेजण डोहावर आले. टेम्पोतून. एकाच्या पाठीवर बॅटरी, हातात बांबूला बांधलेल्या दोन तारा. दुसऱ्याकडे टीसीएल पावडरची गोणी, जी पालिकेचे लोक विहिरीत आणि गटारात टाकतात ती. आधी करंट दिला. कपारीत करंट नीट पोचेना म्हणून मग पावडर ओतली. दशरथ ड्यूटीवर होता. नलिनीने येऊन मला सांगितलं, मी गेलो तोवर टेम्पो निघून गेला होता. वामी पाण्याबाहेर येऊन दगडांवर पडल्या होत्या. बोटाएवढ्या बारीक वामी त्यांनी तशाच टाकल्या होत्या. त्यांना घ्यायच्या नव्हत्या, पण मेल्या त्याही.

दशरथ संध्याकाळी आला. डोहात उतरला आणि हात कपारीत घातला. एका कपारीत, दुसऱ्या कपारीत. वरच्या अंगाला, जिथे पार्कातलं ताजं पाणी येऊन पडतं, तिथे त्याचा हात थांबला.

"दोन हत," तो म्हणाला. "वाचलीहत."

आम्ही तक्रार करायला गेलो. जंगलवाले म्हणाले भिंतीच्या बाहेरचं आमचं नाही. पालिकेतला माणूस म्हणाला, नाल्यात मासे? पोलीस चौकीत साहेबाने विचारलं, "काका, मासे तुमचे होते का?" दशरथ नाही म्हणाला. "मग तक्रार कसली?"

चाळीच्या तोंडाशी आल्यावर दशरथ म्हणाला, "आमच्या गावाक देवळाखाली एक कोंड होता, ह्या डोहासारखो. थंय काशीरामानसुद्धा कधी कांडी टाकूक नाय. सगळी नदी मेली, तो कोंड शेवटाक मेलो."

"का?"

"थंय आसरा होते."

साती आसरा आमच्याकडेही असतात. पाण्यातल्या सात बाया. डोहाच्या काठी सात दगड मांडून शेंदूर लावलेले असतात, आणि त्या पाण्यात सहसा कुणी हात घालत नाही. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मनात काय आहे ते मला कळलं.

"दशरथ, मी बुद्धाला मानणारा माणूस. मी दगडाला शेंदूर लावणार नाही."

"माका देव नको रे. माका भेव व्हया. तू दगड वाह, देव माझो मी करतंय."

दगड काय, दगडच. मी ते वाहिले. नदीतूनच सात गोल दगड निवडले आणि खडकाच्या पायथ्याशी ओळीत लावले. शेंदूर त्याने स्टेशनजवळच्या पूजेच्या दुकानातून आणला होता, तेलात कालवून बोटाने फासला. सात हिरव्या बांगड्या, सात पिवळे खण, एक नारळ. मग लांब जाऊन बघितलं.

"जुने दिसत नाय," तो म्हणाला, आणि परत येऊन त्यावर माती आणि काजळी चोळली.

नलिनीने घरी विचारलं तेव्हा तिला खरं सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. "आता बसा तोंडाक पाणी सोडून. आपल्याच हातान देव मांडल्यात. वामीक हात लावशात तर लोक मारतीत."

ते टेम्पोवाले एकदा परत आले. त्यांनी दगड बघितले. काठावर दशरथ बसला होता. त्याने त्यांना अडवलं नाही, फक्त म्हणाला की मागच्या वेळी ज्यांनी पावडर टाकली त्यातला एक तापाने आडवा आहे म्हणतात. त्यांच्यातला एक दुसऱ्याकडे बघू लागला. खरंच त्यांच्यातल्या कुणाला तरी डेंग्यू झाला होता. टेम्पो तसाच मागे गेला, परत आला नाही.

डोह वाढला. दुसऱ्या पावसाळ्यात वर आलेली पिल्लं कपारींत राहिली. दशरथ रोज सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी हात घालून बघायचा, काढायचा मात्र एकही नाही. मी त्याला म्हणालो, तुझ्यासारखा वॉचमन कुठल्या सोसायटीला मिळाला नसेल. तो म्हणाला, "हंयसर पगार नाय, पण बिऱ्हाडां बरी हत."

मागच्या गल्लीत चेतना नावाची बाई होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. तिला कुणीतरी आसरांची ओटी भरायला सांगितलं. तिने भरली, आणि पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. बस्स. मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी बायका येऊ लागल्या. नारळ, लिंबं, दहीभात. चेतना स्वभावाने फार चांगली. ती माशांसाठी पाव आणायची, कुरमुरे आणायची, बाकीच्यांना सांगायची की आसरांचे मासे आहेत, उपाशी ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशव्या तळाशी जाऊ लागल्या. दशरथ ड्यूटीवरून आला की त्या काढत बसायचा. त्याने चेतनाला सांगून बघितलं की पाव टाकू नको, पाणी आंबतं. ती म्हणाली, "काका, तुम्ही एवढी सेवा करता, तुम्हाला आसरा काही कमी पडू देणार नाहीत."

लॉकडाऊनमध्ये कुणी आलं नाही तेव्हा पाणी पुन्हा नितळ झालं. त्या दोन उन्हाळ्यांत दशरथ मला आनंदी दिसला. त्यानंतर त्याची नोकरी सुटली आणि तो दिवसभर डोहावरच असायचा.

मग जयवंत आला. तो छोटी छोटी बांधकामाची कामं घ्यायचा आणि निवडणुकीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. त्याने मंडळ काढलं.

"काका, तुम्हीच हे सगळं सांभाळलंत ना? ग्रेट काम," तो दशरथला म्हणाला. "आता टेन्शन घेऊ नका. झकास करून टाकतो. टाइल्स, पायऱ्या, ग्रिल. बायका घसरतात, वाईट वाटतं."

"पायऱ्यो करा," दशरथ म्हणाला. "खडकाक हात लावू नका. खालच्या भेगा बुजवू नका."

"भेगांत साप असतात काका."

"साप नाय. वामी असतत."

"तेच ते."

खडकाच्या सगळ्या भेगा सिमेंटने भरल्या. उन्हाळ्यातही डोहात पाणी दिसावं म्हणून खालच्या बाजूला आडवा बांध घातला. मी मोरीतल्या बादलीवरचा पाट आठवत होतो. ती वाम पाट सारून निघाली होती. बांध सारता येत नाही.

२०२२ चा मे आला. डोहाचं पाणी हिरवं झालं आणि त्याला वास यायला लागला. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. वामींना कपार उरली नव्हती, त्या तळाशी उघड्यावर दोरखंडासारख्या पडून असायच्या, आणि मधूनमधून नाक पाण्यावर काढायच्या. मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला होता. कुणी मोठे पाहुणे येणार होते. जयवंतने पोरांना सांगितलं, पाणी साफ करा, वास जायला पाहिजे. आणि पोरांनी टीसीएल पावडरच्या गोण्या आणून मंडपात रचल्या.

दशरथने त्या बघितल्या. घरी येऊन त्याने मला उठवलं. सकाळ होती.

"राजाराम, चल. आजच काढूक व्हयी. भिंतीपलीकडे वरच्या कोंडात नेऊन सोडूया."

त्याने मंडपवाल्याकडून बांबू आणून खोयन विणलं होतं, पण ते लागलंच नाही. वामी हाताशीच होत्या. तो पाण्यात उतरून एकेक उचलून देत होता, मी ओल्या गोणपाटात टाकत होतो. त्याला हातांना राख लावायचीही गरज पडली नाही. त्यांच्यात सुटायचा जोर नव्हता.

गोणपाट अर्धं भरलं असेल. चेतना ओटीचं ताट घेऊन आली. तिने आम्हाला बघितलं आणि ताट खाली ठेवलं.

"काका, आसरांचे मासे नेताय तुम्ही?"

"सोडूक नेतंय गो. वरती."

ती रडायला लागली. तिच्या रडण्याने बाकीच्या बायका आल्या, मग पोरं आली, मग स्कूटरवरून जयवंत. दशरथ पाण्यात उभा, माझ्या हातात गोणपाट.

"काका," जयवंत म्हणाला, "एवढी वर्षं म्हणूनच राखत होतात काय?"

"ह्यो देव मी मांडलंय," दशरथ म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "शेंदूर स्टेशनार घेतलंय. दगड ह्या राजारामान वाहिल्यान. देव नाय हा हंय. वामी हत. तेंका वाचवूक केलंय."

कुणीतरी हसलं. एक पोरगा म्हणाला, म्हातारा सटकला.

मी म्हणालो, "खरं आहे ते. दगड मी लावले. नदीतलेच आहेत."

जयवंत माझ्याकडे वळला. "तुमचं काय घेऊन बसलात राजारामकाका. तुम्ही तर देवच मानत नाही. तुम्ही असंच म्हणणार."

चेतना पुढे झाली. तिला कुणाला मार पडायला नको होता. तिने हात जोडून सगळ्यांना सांगितलं, म्हातारं माणूस आहे, चूक झाली, आसरांची माफी मागेल, सोडून द्या. आणि तिच्या सांगण्यावरूनच पोरांनी दशरथला हाताला धरून बाहेर काढलं आणि सात दगडांपुढे बसवलं.

"नाक घासा काका," जयवंत म्हणाला. "विषय संपला."

दशरथने नाक घासलं. सातही दगडांपुढे. त्याच्या नाकाला शेंदूर लागला. नलिनी तोवर पोचली होती. तिने पदराने त्याचं नाक पुसलं आणि कुणाकडेही न बघता त्याला घरी घेऊन गेली. माझ्या हातातलं गोणपाट पोरांनी घेतलं आणि डोहात रिकामं केलं. चेतनाने मला प्रसादाचं खोबरं दिलं. ते मी घेतलं.

दुपारी त्यांनी पावडर ओतली. आमच्याकडचं झोपवलेलं पाणी नवं पाणी आलं की जागं व्हायचं. इथे खाली बांध होता आणि वरून मे महिन्यात धारसुद्धा येत नव्हती. संध्याकाळपर्यंत डोहाचा तळ दिसायला लागला, इतकं पाणी स्वच्छ झालं. पोरांनी मेलेल्या वामी घमेल्यांनी काढून कचराकुंडीत टाकल्या. लोक म्हणाले की देवाने जुने मासे नेले, नवे देईल. वर्धापनदिनाला जयवंतने बाजारातून लाल-नारिंगी शोभेचे मासे आणून सोडले. ते दोन दिवस टिकले.

दशरथ त्यानंतर नदीवर गेला नाही. दारात खुर्ची टाकून बसायचा. नलिनी मासे करेना, तोही मागेना. जुलैत पाऊस चांगला झाला तेव्हा मी एकटाच जाऊन बांधाच्या खालच्या बाजूला बघून आलो. सिमेंट गुळगुळीत होतं, त्याला शेवाळही धरलं नव्हतं. त्याच्यावर काही चढत नव्हतं.

मी परत आलो तर त्याने विचारलं, "काय असा?"

"पाणी भरपूर आहे," मी म्हणालो.

"दोरे?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्याने खुर्ची पागोळ्यांपासून आत ओढली. मग म्हणाला, "काशीरामाक बोलावन घी रे एकदा. तेका सांगूचा हा."

"काय सांगायचं आहे?"

"तेणा कांडी टाकल्यान. मी देव टाकलंय."

मी काशीरामला फोन लावला. तो गुडघ्यांनी अधू झालेला, म्हणाला गणपतीला नलिनीवहिनीबरोबर दादालाच पाठवा. तेवढा अवकाश मिळाला नाही.

दशरथ सखाराम परब २३ ऑगस्ट २०२२ रोजी, मंगळवारी, सकाळी आपल्या घरी वारला.